लाच की पगार?

आमच्या घरात गेल्या पावसाळ्यापासून एक वाद चालू आहे. या वादाचं मूळ घरात आलं तेव्हा सव्वापाच किलोचं होतं. आता एकवीस किलोचं आहे, आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही.

मूळाचं नाव बुंदी. बदलापूरच्या माझ्या मावसभावाकडे लॅब्रॅडॉर कुत्रीला सात पिल्लं झाली. आम्ही फक्त बघायला गेलो होतो. लेकीनं त्यातलं एक मांडीवर घेतलं आणि परत खाली ठेवलंच नाही. बदलापूर ते उल्हासनगर कॅम्प एक, रिक्षात अख्खा रस्ता ते पिल्लू रिक्षावाल्याच्या डब्याच्या पिशवीकडे टक लावून बसलं होतं. आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

बुंदी सगळं खायची. तुळशीतली माती, पोह्यांचा कागद, अण्णांच्या चपलेचा अंगठा, भाजीवालीच्या टोपलीतली मेथी. खाताना ती चावत नसे, गिळत असे. कुणाच्या हातात काहीही दिसलं की मागच्या दोन पायांवर उभी राहून हातावर झेप. पिल्लू म्हणून पहिले दोन आठवडे सगळ्यांना मौज वाटली. मग दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. आई गरम पोळ्यांची ताटली घेऊन ओट्याकडून टेबलाकडे येत होती, बुंदी मध्ये आली, आई पडली. मनगटाला बारीक चीर, तीन आठवडे प्लास्टर. आणि शनिवारी गच्चीचं दार उघडं राहिलं.

उल्हासनगर माहीत असलेल्यांना गच्ची म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. शेजारच्या दादींचे पापड चादरीवर वाळत होते. सिंधी घरात पाहुणा आला की आधी पाणी आणि पापड, ते पापड. फाळणीनंतर इथे आलेल्या कितीतरी बायकांनी पापड लाटून घर उभं केलं, त्यामुळे पापड म्हणजे इथे नुसतं तोंडीलावणं नाही. बुंदीनं डझनभर तरी खाल्ले, उरलेल्यांवर नाचली. मग मिरी आणि पापडखारानं रात्रभर उलट्या, सकाळी डॉक्टर. दादी काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

अण्णांनी निकाल दिला. "पंधरा दिवस. नाहीतर बदलापूरला परत."

लेक दोन दिवस जेवली नाही. आईचं म्हणणं, आपलं कुलदैवत खंडोबा, दारात आलेलं कुत्रं हाकलायचं नाही. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती हे म्हणत होती, म्हणून अण्णा गप्प बसले. पण पंधरा दिवसांचा निकाल कायम राहिला आणि शिकवायचं काम माझ्यावर आलं.

मी इंटरनेटवर वाचून, बिस्किटाचे तुकडे खिशात घालून सुरुवात केली. तुकडा नाकासमोर धरायचा, हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. डोकं वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. टेकलं की लगेच तुकडा. चौथ्या वेळी बुंदी बसली. मी आनंदानं ओरडलो. अण्णा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "ही लाच आहे. लाच देऊन शिकवलेलं टिकत नाही."

अण्णा आयुष्यभर कारखान्यात होते, युनियनमध्ये होते. लाच हा शब्द ते सहज वापरत नाहीत. मी गप्प झालो, कारण मलाही मनातून तसंच वाटत होतं. मग नेहमीचीच खोड, उत्तर सापडेना म्हणून इतिहास वाचायला लागलो.

आपल्याकडची पहिली साक्ष निराशाजनक आहे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपली भाषाच सांगते. पण त्याच भाषेत नामदेवांची गोष्टही आहे. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवा कोरडी खाऊ नकोस म्हणत. शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलासमोर बसून आईनं ही गोष्ट मला लहानपणी किती वेळा सांगितली असेल. आणि खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रेच म्हणवतात, विधीच्या वेळी भुंकतात, कोटंब्यातला प्रसाद कुत्र्यासारखा तोंडानं खातात. म्हणजे हावरट कुत्र्याला आपल्याकडे शिवीही आहे आणि देवाच्या दारात जागाही आहे. नाही ती फक्त त्याला शिकवायची रीत. (नामदेवांची रीत मी मनातल्या मनात करून बघितली. बुंदीनं तूपही खाल्लं असतं आणि वाटीही.)

शिकवायची रीत लिहून ठेवली ती जर्मन पोलिसांनी. कोनराड मोस्ट नावाचा अधिकारी १९०६ च्या सुमारास पोलिसांची कुत्री तयार करायला लागला आणि १९१० साली त्यानं पुस्तक लिहिलं. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याची कुत्री याच वळणानं तयार झाली. मोस्ट बुद्धिमान माणूस होता. कुत्र्याला भाषा कळत नाही, त्याला फक्त कृतीनंतर काय झालं ते कळतं, आणि ते लगेच व्हावं लागतं, हे त्यानं ओळखलं होतं. शाबासकी त्याच्याकडे होती, पण पाठीशी सक्ती होती. पट्ट्याचा हिसका, काटेरी पट्टा, छडी. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर बहुतेक हाच मार्ग चालला. १९६२ साली अमेरिकेत विल्यम कोहलर यांचं पुस्तक आलं. त्यात खाऊ देऊन शिकवणं चक्क त्याज्य मानलेलं आहे. कुत्र्यानं ऐकायचं ते ऐकलंच पाहिजे म्हणून, तुकड्यासाठी नव्हे. अगदी अण्णांचं वाक्य.

या मार्गाचा एक परिणाम मला वाचेपर्यंत माहीत नव्हता. हिसक्यानं शिकवायचं तर पिल्लाची मान तेवढी भक्कम हवी. म्हणून शिक्षण सहा महिन्यांनंतर सुरू करायचं अशी पद्धत पडली. पण सहा महिन्यांत पिल्लू अंगावर उड्या मारायला, हात चावायला, ताट ओढायला शिकूनच बसलेलं असतं. मग ते मोडायला आणखी जोराचा हिसका. म्हणजे रोगही त्याच पद्धतीचा आणि औषधही.

दुसरी वाट प्रयोगशाळेतून आली. पावलोव्हला नोबेल मिळालं १९०४ साली, ते पचनावरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की खाणं यायच्या आधीच्या खुणेनंच लाळ सुटते. (घंटेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. प्रत्यक्षात तो मेट्रोनोम, बझर असलं बरंच काही वापरायचा.) हे वाचून मला अण्णांच्या कंपनीचा भोंगा आठवला. दुपारच्या भोंग्याला आई गॅस पेटवायची आणि माझ्या पोटात खड्डा पडायचा. भूक लागलेली असो वा नसो.

नंतर अमेरिकेत बी. एफ. स्किनर आला. कृती केली की दाणा, मग ती कृती वाढते, हे त्यानं उंदीर आणि कबुतरांवर मोजून दाखवलं. त्याचे दोन विद्यार्थी, केलर आणि मेरियन ब्रेलंड, हे नवराबायको मला या सगळ्या इतिहासात सर्वात आवडले. दुसऱ्या महायुद्धात स्किनरच्या कबुतरांच्या प्रकल्पावर त्यांनी काम केलं, मग विद्यापीठ सोडलं आणि १९४७ साली प्राणी शिकवण्याचा चक्क धंदा काढला. नाणं टाकलं की पियानो वाजवणारी कोंबडी, जाहिरातीतली डुकरं. सगळं दाण्यावर, छडी शून्य. पण कुत्री शिकवणाऱ्यांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९५१ साली खुद्द स्किनरनं एका विज्ञान मासिकात साध्या भाषेत लिहिलं की घरचं कुत्रं कसं शिकवावं. दाबल्यावर टक वाजणारं पत्र्याचं खेळणं घ्या, टक वाजलं की खाऊ, मग हवी ती कृती झाली त्याच क्षणी टक. त्याचंही फार काही झालं नाही.

बदल झाला तो माशांमुळे. म्हणजे डॉल्फिनमुळे, ते मासे नव्हेत हे माहीत आहे, लेकीनं आधीच टोकलंय. डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही. रागावलात तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो आणि तुम्ही काठावर उभे. तिथे शिट्टी आणि बांगडा हाच उपाय. हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९८४ साली पुस्तक लिहिलं आणि ही विद्या घराघरातल्या कुत्र्यांपर्यंत आली. त्याच दशकात इयन डनबार या पशुवैद्यानं कॅलिफोर्नियात लहान पिल्लांचे, पट्ट्याविना वर्ग सुरू केले. हिसका नाही म्हटल्यावर सहा महिने थांबायचं कारणच उरलं नाही. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू तुकड्यासाठी बसायला शिकू शकतं. आमची बुंदी चौथ्या वेळी बसली त्यामागे ऐंशी वर्षांची भांडणं आहेत, तिला काय त्याचं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "अमेरिकेत डुक्कर पियानो वाजवतं म्हणून लाचेची मजुरी होत नाही."

पण बोलता बोलता त्यांनीच शब्द दिला होता. मजुरी. पगार आणि लाच यात फरक काय, मी विचारलं. अण्णा युनियनचे, उत्तर तयार होतं. लाच आधी दाखवतात, काम व्हावं म्हणून. पगार काम झाल्यावर मिळतो, ठरल्याप्रमाणे, आणि तो हक्काचा असतो. मी म्हटलं, अण्णा, हेच. शिकवणारे नेमकं हेच सांगतात. पहिले दोन-चार दिवस तुकडा दाखवायचा, मग हात रिकामा. तुकडा खिशात किंवा मागच्या स्टुलावर. आधी "बस", मग बसणं, मग कुठूनतरी तुकडा येतो. दाखवल्याशिवाय बसत नसेल तर ती लाच झाली, चूक शिकवणाऱ्याची.

अण्णांनी चष्मा काढला. "मग तू रोज सकाळी मूठ तिच्या नाकाशी का नेतोस?"

मी चुकत होतो. सात दिवस लाचच देत होतो. दुसऱ्या दिवसापासून डबा फ्रिजवर गेला. पहिले दोन दिवस बुंदी नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली, भुंकली, मोजा ओढला. तिसऱ्या दिवशी बूड टेकलं.

मग झंजीरची गोष्ट अण्णांनीच काढली. मुंबई पोलिसांचा हा लॅब्रॅडॉर पुण्याला शिवाजीनगरच्या केंद्रात तयार झाला होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं ३३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले, आणि नोव्हेंबर २००० मध्ये तो कर्करोगानं गेला. त्या दिवसांत लोकलमध्ये बेवारस पिशवी दिसली की अख्खा डबा कसा उठायचा ते आमच्या पिढीला आठवत असेल. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांना साधारणपणे वास लागला की उकरायचं नाही, भुंकायचं नाही, गप्प बसायचं असं शिकवतात. उकरलं तर काय होईल ते उघड आहे. म्हणजे "बस" हा पिल्लाचा पहिला धडा आणि बॉम्ब शोधणाऱ्याचा शेवटचा. अमेरिकेच्या एटीएफ खात्यात तर या कामाचे लॅब्रॅडॉर पूर्णपणे खाण्यावरच शिकवतात. दिवसाचं जेवण वास ओळखूनच, माणसाच्या हातातून. अण्णांना हे पटलं. "पीस रेट," ते म्हणाले.

लॅब्रॅडॉरच का, याचंही उत्तर अलीकडे मिळालंय. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. तो गळाला की पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. त्यांनी तपासलेल्या मदतनीस कुत्र्यांच्या पैदाशीत हे प्रमाण तर पाऊण भागाच्या वर निघालं. शिकायला सोपी म्हणून निवडता निवडता माणसानं भुकेलीच निवडली असावीत. २०२४ साली त्याच गटानं आणखी दाखवलं की अशी कुत्री स्वस्थ असताना ऊर्जाही सुमारे पाव भागानं कमी खर्च करतात. भूक जास्त, जाळणं कमी. बुंदीची तपासणी आम्ही केलेली नाही, पण आईनं त्या दिवसापासून तिला हावरट म्हणायचं सोडलं. "तिला कळतच नाही गं पोट भरलेलं," असं आता दादींना सांगते.

आणि इथेच दादा मध्ये पडले.

दादा म्हणजे दादींचे यजमान, चौऱ्याऐंशी वर्षांचे. फाळणीनंतर आईवडिलांबरोबर इथे आले तेव्हा सात वर्षांचे होते. हे सगळं तेव्हा महायुद्धातलं कल्याण ट्रान्झिट कॅम्प, लष्करानं सोडलेल्या बराकी. उल्हासनगर हे नाव नंतरचं, ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी दिलेलं. आमची इमारत आहे तिथेही बराकच होती. बारावा दिवस होता, मी जिन्यात बुंदीला वाटीसमोर थांबायला शिकवत होतो. वाटी खाली, ती झेपावली की वाटी वर. थांबली की "घे". मी तिला मोजून वीस सेकंद थांबवलं आणि कौतुकाच्या अपेक्षेनं दादांकडे बघितलं.

दादा म्हणाले, "बेटा, भूखे के सामने थाली रखके गिनती मत कर."

मग पायरीवर बसून त्यांनी राशनच्या रांगेबद्दल सांगितलं. हातात डबा, पुढे मोठी माणसं, आणि खिडकीतला माणूस कधीकधी उगाचच थांबवायचा. त्याला काही काम नसायचं, फक्त थांबवायचा. रांगेत उभं राहायला कुणी शिकवलं, तर रोटीनं शिकवलं. पण शिकवणाऱ्याचा चेहरा अजून आठवतो, असं ते म्हणाले.

मला ते बोचलं, कारण तेवढ्यात वाचलेलं एक वाक्य मी सोयीनं बाजूला ठेवलं होतं. स्किनरच्या परंपरेतल्या प्रयोगांत कबुतरांना साधारणपणे त्यांच्या पोटभर वजनाच्या ८० टक्क्यांवर ठेवत. भुकेलेला प्राणी लवकर शिकतो. छडी नाही हे खरं, पण छडीच्या जागी भूक ठेवली तर ती काय फार मवाळ वस्तू आहे? पगाराची उपमा मला फार आवडली होती. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "पगार कापण्याची धमकी देऊन काम करून घेणारेही साहेब होतेच की."

तेव्हापासून आम्ही नियम बदलला. सकाळ-संध्याकाळची वाटी बिनशर्त. "थांब" म्हणायचं, एक श्वास, आणि "घे". तेवढं पुरतं, अंगावर झेप येत नाही. शिकवणीचा पगार वेगळा, दिवसाच्या मापातला मूठभर कोरडा खाऊ आणि काकडी-गाजराचे तुकडे. बिस्किटं बंद, डॉक्टरांनी वजनावरून झापलं होतं. कांदा, मनुका, चॉकलेट तर तिच्यासाठी विषच, ते डबे वरच्या फळीवर. तीन-चार मिनिटांचे धडे, दिवसातून तीनदा. उडी मारली की सगळ्यांनी झाडासारखं उभं राहायचं, पाठ वळवायची. चारही पाय जमिनीवर आले की लगेच बोलायचं. हे सगळ्यात कठीण गेलं. कुत्र्याला नव्हे, आम्हाला. मी पाठ वळवायचो आणि लेक स्वयंपाकघरातून "अले माझं पिल्लू" म्हणत उडीचंच बक्षीस द्यायची. बायकोनं शेवटी फ्रिजवर नियमांचा कागद चिकटवला. तो बुंदीनं खाल्ला.

पंधरावा दिवस आला आणि गेला. अण्णांनी विषय काढला नाही, मीही नाही. आईचं प्लास्टर निघालं त्या दिवशी तिनं पोळ्यांची ताटली ओट्यावरून टेबलापर्यंत नेली, आम्ही सगळे श्वास रोखून. बुंदी दारात बसून होती, शेपटीनं फरशी झाडत, सगळं अंग थरथरत. उठली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पाहुण्यांच्या ताटातला ढोकळा पळवला, तेव्हा फार कौतुकही नको.

दादींची पापडाची चादर मार्चमध्ये पुन्हा गच्चीवर पडली. मी बुंदीला पट्ट्यानं वर नेलं, दहा पावलांवर थांबलो. ती बसली. दादी बघत होत्या. त्यांनी पापडाचा एक कोपरा मोडला, तो कडकन आवाज झाला आणि बुंदीचे कान उभे राहिले, लाळेची तार जमिनीपर्यंत. पण बूड टेकलेलंच. दादींनी पापड स्वतः खाल्ला आणि पदरातून काकडीची फोड काढली. आधीपासून आणलेली होती.

खाली आलो तर अण्णा जिन्यात उभे. काय झालं विचारलं. सांगितलं. त्यांनी खिशातून गाजराचे दोन तुकडे काढले. मी म्हटलं, दादींनी दिलंय आत्ताच.

"तो पगार झाला," अण्णा म्हणाले. "हा ओव्हरटाइम. डबल रेट."